चार काड्या, चार पिढ्या

मोबाईल कंपन्यांसाठी रस्तोरस्ती सिग्नल मोजणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी टूजीच्या काळात कामाला लागलो, आणि फाईव्हजी आलं तेव्हाही त्याच कामात होतो. आमच्यात याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. मांडीवर लॅपटॉप, त्याला जोडलेले दोन-तीन हँडसेट, गाडीच्या टपावर जीपीएसची डबी, आणि दिवसभर कॉल लावायचा, तोडायचा, पुन्हा लावायचा. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा माझा भाग. घरही इथलंच, त्यामुळे कामावरून सुटलो तरी प्रश्नांतून सुटका नसते. सोसायटीच्या जिन्यात, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत एकच विचारणा होते : "अहो, पूर्वी साध्या फोनला घरभर रेंज असायची. आता एवढा महागाचा फोन घेऊन खिडकीत उभं राहावं लागतं. हे असं कसं?" प्रश्न रास्त आहे. उत्तरही आहे, पण ते एका वाक्यात मावत नाही. म्हणून जे कळलं ते इथे लिहून ठेवतो.

१. काड्या काड्यांशी ताडून पाहू नयेत

किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे ज्याचा तो फोन बनवणारा ठरवतो. एकाच टेबलावर ठेवलेले, एकाच कंपनीचं सिम घातलेले दोन फोन वेगवेगळ्या काड्या दाखवतात ते याचमुळे. खरा आकडा डीबीएममध्ये असतो. तो नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरकस. आकडा तीनने घसरला की ताकद निम्मी होते, दहाने घसरला की दहावा हिस्सा उरतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिमच्या माहितीत तो सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* लावलं की फील्ड टेस्टचं पान उघडतं.

खरी मेख पुढे आहे. टूजीचा फोन २०० किलोहर्ट्झच्या आख्ख्या वाहिनीची ताकद एकत्र मोजतो. फोरजीचा फोन वेगळंच काही मोजतो. २० मेगाहर्ट्झच्या फोरजी पट्ट्यात १२०० बारीक उपवाहक असतात आणि फोन दाखवतो ती त्यांतल्या एकाची सरासरी ताकद. टॉवरवरून एकूण ताकद तेवढीच आली, तरी फोरजीचा आकडा टूजीपेक्षा सुमारे तीसने खाली दिसतो. टूजीत −१०५ म्हणजे कॉल तुटल्यात जमा. फोरजीत −१०५ वर बोलणं स्वच्छ होतं आणि व्हिडिओही बहुतेक वेळा चालतो.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका कापड दुकानदाराने गल्ल्यावर दोन फोन ठेवले होते. जुन्या बटणांच्या फोनला काड्या भरलेल्या, स्मार्टफोनला दोनच. त्याने कंपनी बदलायचं ठरवलं होतं. मी दोन्हीकडचे आकडे काढून दाखवले : टूजी −७८, फोरजी −१०४. हा फरक नावाचाच होता. प्रत्यक्षात त्याच्या दुकानात दोन्ही नेटवर्कं सारखीच पोचत होती. त्याचं नेट रखडत होतं ते संध्याकाळी, आणि त्याचं कारण निराळं होतं. ते तिसऱ्या मुद्द्यात येईल.

२. आधी पट्टा विचारावा, मग पिढी

मुंबईत मोबाईल सुरू झाला तेव्हा कंपन्या दोनच होत्या. एक बीपीएल, दुसरी मॅक्स टच. ही दुसरी पुढे ऑरेंज झाली, मग हच, मग व्होडाफोन. इनकमिंगलाही पैसे पडायचे, ते २००३ च्या मे महिन्यात थांबले. या दोघींचा पट्टा ९०० मेगाहर्ट्झच्या वारंवारतेचा. या लहरी विटांच्या भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात, कोपऱ्यावरून वळतात. नंतर आलेल्या बहुतेक कंपन्यांना १८०० मिळाला. वारंवारता दुप्पट झाली की मोकळ्या मैदानातसुद्धा तेवढ्याच अंतरावर फोनच्या पदरात पाव ताकद पडते. भिंती आडव्या आल्या की तूट आणखी वाढते.

मग थ्रीजी आलं. २०१० मध्ये लिलाव झाला आणि त्यात पट्टा होता २१०० चा. लोकांनी हौसेने फोन घेतले आणि हॉलमध्ये थ्रीजी, स्वयंपाकघरात टूजी अशी घराघरांत वाटणी झाली. फोन सारखा एकातून दुसऱ्यात उडी मारायचा आणि दुपारपर्यंत बॅटरी संपवायचा. ‘थ्रीजीला रेंज नाही’ हा शिक्का तेव्हा बसला तो कायमचा. थ्रीजीऐवजी २१०० ला रेंज कमी म्हणायला हवं होतं, पण हे गिऱ्हाईकाला सांगणार कोण?

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं तेव्हा त्यांच्याकडे ८५०, १८०० आणि २३०० असे तीन पट्टे होते. आजही त्यांचा फोन घेऊन खिडकीपासून बाथरूमपर्यंत चाला. बहुतेक वेळा तो वरच्या पट्ट्यावरून ८५० वर गुपचूप उतरतो. काड्या तितक्याच राहतात, वेग मात्र उतरतो, कारण ८५० चा पट्टा अरुंद आहे. तीच गोष्ट फाईव्हजीची. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाईव्हजी आलं. जिओकडे त्यासाठी मुख्यतः ७०० आणि ३५०० हे पट्टे आहेत. एअरटेलने ३५०० वर, फोरजीचा आधार घेत सुरुवात केली. ३५०० चे अँटेना अनेक छोट्या घटकांचे असतात आणि लहरी फोनच्या दिशेने रोखून सोडतात. म्हणून रस्त्यावर ते भलतं वेगवान चालतं. आतल्या खोलीत मात्र भिंत ती भिंतच. तेव्हा ‘आमच्याकडे फाईव्हजी चालतं का?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या पट्ट्यावरचं?

३. उल्हासनगरात ताकद मुबलक, जागा अपुरी

दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, १९४७ नंतर तिथे वसवलेले सिंधी निर्वासित, १९४९ मध्ये मिळालेलं उल्हासनगर हे नाव. कॅम्प एक ते पाच हे आकडे त्या छावणीचेच. बराकींच्या जागी एकाला एक लागून इमारती उभ्या राहिल्या. खाली दुकान, वर कारखाना, त्यावर घर. असल्या वस्तीत टॉवर जवळजवळ असतात, त्यामुळे सिग्नलचा आकडा सहसा उत्तम येतो. तरीही गजानन मार्केटमध्ये सणासुदीला पैसे पाठवायचे म्हटलं की चक्र फिरत राहतं.

थ्रीजीच्या काळात याची फार चमत्कारिक तऱ्हा मी पाहिली. त्या तंत्रात सगळे टॉवर आणि सगळे फोन एकाच वारंवारतेवर बोलत. माणसं वाढली की एकमेकांचा गोंगाट वाढायचा आणि टॉवरचा घेर आक्रसायचा. सकाळी सहाला जी गल्ली कव्हरेजमध्ये यायची, ती संध्याकाळी सातला बाहेर पडायची. टॉवर तोच, अँटेना तोच. सकाळी नकाशा काढून देणाऱ्या इंजिनिअरला संध्याकाळची तक्रार खोटी वाटे. तेव्हापासून माझा नियम आहे : ज्या वेळची तक्रार, त्याच वेळी मोजायला जायचं.

फोरजीत घेर असा ठळकपणे श्वास घेत नाही, पण टॉवरची क्षमता माणसांत वाटली जातेच. कापड दुकानदाराचं दुखणं हेच होतं. अशा ठिकाणी फाईव्हजीचा खरा उपयोग आहे. तो लांब पोचण्यापेक्षा गर्दीला पुरून उरण्यासाठी जास्त. उल्हासनगरच्या बाजारांना त्याने मोकळा श्वास दिला हे मी मोजून सांगतो.

४. पत्र्यापुढे सगळ्या पिढ्या सारख्या

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पत्र्याच्या शेड आहेत. धातूतून टूजीही जात नाही आणि फाईव्हजीही नाही. आत येतो तो सिग्नल शटरमधून, खिडकीतून, आणि उजेडासाठी छपरात बसवलेल्या फायबरच्या पत्र्यांतून. त्या पत्र्यांखाली उभं राहून बोलणारे कामगार दिसतात, त्यांना ही गोष्ट कुणी शिकवलेली नसते. शेडमध्ये ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग सुरू करून घ्यावं. २०१९-२० च्या सुमाराला एअरटेल आणि जिओ दोघांनीही ते आणलं, आणि अनेक कारखान्यांत अजून कुणी ती कळ दाबलेलीच नाही. अपघात झाला की पहिला फोन आतून लागला पाहिजे. एवढ्याचसाठी मी हे प्रत्येक सुपरवायझरला सांगतो.

शिलाहारांच्या काळातल्या, शके ९८२ च्या, अंबरनाथच्या शिवमंदिरात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की फोन मुका होतो. दगड जाड आहे आणि जागा जमिनीखाली. ते तसंच असावं असं मला वाटतं.

५. उंच मजल्यावरच्या भरल्या काड्यांवर विश्वास ठेवू नये

बदलापूरला गेल्या काही वर्षांत उंच इमारतींचं पीक आलं. वरच्या मजल्यांवरून तक्रारी येतात त्या चक्रावून टाकणाऱ्या : काड्या पूर्ण, नेट बंद.

टॉवरचे अँटेना सरळ क्षितिजाकडे पाहत नाहीत. ते काही अंश खाली झुकवलेले असतात, कारण माणसं रस्त्यावर आणि तीन-चार मजली घरांत राहतात असं धरूनच जुनी आखणी झाली. सतराव्या मजल्यावरच्या फोनला जवळचा टॉवर पायाखाली दडतो आणि लांबचे अनेक टॉवर एकदम दिसतात. अंबरनाथचे दिसतात, वांगणीकडचेही दिसतात. सगळे साधारण सारख्याच ताकदीने. फोनला कुणाचं ऐकावं कळत नाही. शाळा सुटताना दहा आया आपापल्या मुलाला एकाच वेळी हाका मारतात, आवाज भरपूर असतो, पण मुलाला नेमकी आपली आई ऐकू येत नाही, तसं होतं.

टूजीत शेजारच्या टॉवरना वेगवेगळ्या वाहिन्या वाटून द्यायचे, म्हणून हा त्रास बोलण्यात कमी जाणवायचा. थ्रीजीपासून पुढे सगळे एकाच वारंवारतेवर, तेव्हा इथे जुनं तंत्र खरंच सरस होतं. अशा घरात डीबीएमसोबत आणखी एक आकडा पाहावा. तो ‘एसआयएनआर’ या नावाने दिसतो आणि उपयोगी सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे ते सांगतो. वीसच्या आसपास असेल तर उत्तम. शून्याच्या खाली असेल तर काड्या कितीही असोत, काम होणार नाही. उपाय घरातही असतो. बाल्कनी सोडून आत यावं. भिंत लांबचे टॉवर अडवते आणि एखादाच शिल्लक राहतो. वरच्या मजल्यावरच्या माणसाला ‘आत जा’ म्हटलं की तो आधी माझ्याकडे संशयाने बघतो, मग आत जातो आणि व्हिडिओ सुरू होतो.

६. ऐकू येणं आणि ऐकवता येणं या दोन गोष्टी

इथे थोडं भूगोलाबद्दल. बदलापूर पश्चिम होकायंत्रावर पश्चिमेला नाही. रेल्वे कल्याणहून आग्नेयेला वळते, त्यामुळे उल्हास नदी आणि बारवी धरणाकडची बाजू, जिला आपण पश्चिम म्हणतो, ती ईशान्येला आहे. कोंडेश्वर, तावली आणि चंदेरीच्या डोंगरांकडची ‘पूर्व’ बाजू नैर्ऋत्येला. अँटेना अंशांत लावायचा असतो, त्यामुळे नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

बारवीच्या रस्त्याला लागलं की वस्ती विरळ होते, टॉवर लांब लांब होतात, मध्ये टेकाडं येतात. इथे मी जुन्या आणि नव्या तंत्रांची सगळ्यात जास्त मोजणी केली. टूजीची रचनाच टॉवरपासून जास्तीत जास्त ३५ किलोमीटरपर्यंतची होती. डोंगर नसता तर ती लांब मजल मारायची. आणि ९०० च्या टूजी फोनला बोलताना क्षणाक्षणाच्या तुकड्यांत दोन वॅटपर्यंत जोर लावायची मुभा होती. फोरजीच्या फोनला साधारण वीस शतांश, म्हणजे ०.२ वॅट.

काड्या फक्त टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल दाखवतात. फोनकडून टॉवरकडे जाणारा दाखवत नाहीत. टॉवर धडधाकट आहे, फोन अशक्त. म्हणून बारवीकडच्या पाड्यांवर असं होतं की शहरातून बोलणाऱ्याचा आवाज नीट येतो आणि इथून आजी ओरडून सांगते ते तिकडे तुटक पोचतं. पोराला वाटतं आजीला फोन धरता येत नाही. तिचा काही दोष नाही. फोन हातात वरच्या टोकाला घट्ट न धरणं, दार-खिडकीपाशी येणं आणि शक्य तिथे ७०० किंवा ८५० चा पट्टा धरणारा फोन घेणं, एवढंच तिच्या हाती असतं. बाकीचं काम कंपनीचं आहे. या कडेच्या वस्त्यांना शहराइतकीच मोजणी मिळत नाही, आणि मला ते सलतं.

७. लोकलमध्ये जुनं-नवं ठरवू नये

पारसिकच्या बोगद्यातून वर्षानुवर्षं फास्ट लोकल जायच्या, तिथे कॉल तुटायचाच. पण बोगदा नसतानाही डबा म्हणजे धातूची पेटी, त्यात अंगाला अंग लागून माणसं, आणि प्रत्येकाचा फोन एकाच क्षणी एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाऊ पाहतोय. बंद काचांच्या एसी लोकलमध्ये आकडा आणखी खाली जातो. गाडीतल्या अनुभवावरून सिम बदलू नका. घरी आणि कामाच्या जागी मोजा.

एक बदल मात्र नोंदवण्यासारखा आहे. सुरुवातीच्या फोरजीत बऱ्याच कंपन्यांचा कॉल आला की फोन टूजी-थ्रीजीवर उतरायचा, नेट थांबायचं, कॉल जोडायला उशीर लागायचा. एअरटेलने २०१७ च्या सप्टेंबरमध्ये व्होल्टी सुरू केलं ते मुंबईपासून. त्यानंतर आवाज फोरजीवरूनच जाऊ लागला. जुन्या फोनमध्ये ते सेटिंग बंद असतं. ते सुरू केल्यावर ‘रेंज सुधारली’ म्हणणारे कितीतरी भेटले.

८. पावसात सिग्नल विरत नाही, वीज जाते

मोबाईलच्या या पट्ट्यांवर पावसाच्या थेंबांनी फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी. टॉवर ते टॉवर जोडणाऱ्या मायक्रोवेव्ह डिश फार वरच्या वारंवारतेवर चालतात, त्यांना मुसळधार पाऊस खातो. आणि वीज जाते. टॉवरखालच्या बॅटऱ्या काही तास ओढतात, मग जनरेटर, मग डिझेल, आणि रस्ताच पाण्याखाली असेल तर डिझेल नेणार कोण? २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने बदलापूर बुडवलं तेव्हा टॉवर असे एकेक करून गेले. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजारावर प्रवासी होते. फोरजी, फाईव्हजी ही सगळी भांडणं अशा वेळी फोल ठरतात. नदीकाठच्या साइट उंच चौथऱ्यावर आणि त्यांना मोठी बॅटरी, ही मागणी प्रत्येक पावसाळ्याआधी नगरपालिकेने आणि रहिवाशांनी रेटून करायला हवी.

अशा वेळी कामाला येणारी एक गोष्ट : फोनवर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं दिसत असेल, तर तुमच्या कंपनीचा टॉवर गेलाय पण दुसऱ्या कुणाचा तरी जिवंत आहे. ११२ लावा. तो कॉल ज्याचा टॉवर सापडेल त्यावरून जाऊ शकतो.

९. बाजारातला बूस्टर घेऊ नये

परवान्याशिवाय लावलेला बूस्टर बेकायदा आहे. आणि तो निव्वळ कायद्याचा प्रश्न नाही. स्वस्तातलं यंत्र सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकतं आणि आसपासच्या शेकडो फोनचं बोलणं बिघडवतं. एका गच्चीवरच्या अशा डबीने मोहल्ल्याची फोरजी सेवा संध्याकाळभर लंगडी झालेली मी यंत्रावर पाहिली आहे. डबी बंद केली आणि गोंगाटाचा आलेख त्याच मिनिटाला खाली आला.

आणि टॉवरला विरोध करणाऱ्यांसाठी. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा हिस्सा आहे. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या आसपासचे टॉवर पाहता येतात. भीती वाटणं समजू शकतो. पण टॉवर लांब गेला की कानाला लावलेला फोन जास्त जोर लावतो, हेही विरोधाच्या सभेत कुणीतरी सांगायला हवं.

१०. तक्रार आकड्यांनिशी करावी

‘रेंज नाही’ या तक्रारीचं ग्राहक सेवा केंद्रात काहीही होत नाही. पत्ता, मजला, खोली, वेळ, टूजी की फोरजी की फाईव्हजी, डीबीएमचा आकडा, आणि फोनमध्ये दिसत असेल तर पट्टा, एवढं लिहून द्या. तक्रारीचा क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांनी कुठे कुठलं तंत्र पोचतं त्याचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर ठेवायचे आहेत. नकाशा तुमच्या गल्लीला रंगवून दाखवत असेल आणि फोन −१२० दाखवत असेल, तर दोन्हींचे फोटो जोडा. असा कागद आला की आमच्यासारख्यांना गाडी घेऊन पाठवतातच.

११. जुनं बंद करण्याआधी मोजून घ्यावं

थ्रीजी गेलं, कुणाला फारसं जाणवलंही नाही. टूजीचं तसं होणार नाही. बारवीकडे, कोंडेश्वरच्या वाटेवर, एमआयडीसीच्या सुरक्षा चौकीत अजून बटणांचे फोन आहेत. आठवडाभर चालणारी बॅटरी, खिशातून पडला तरी न फुटणारा. टूजीचा पट्टा नव्या पिढ्यांना द्यावा याच्या मी विरोधात नाही. तो दिल्याने वेग वाढतो, आणि ७००-८५० वर फोरजीचा आवाज नीट बसवला तर टूजीइतका लांबही जातो, हे मी मोजलंय. माझी मागणी एकच. ज्या साइटवरचं टूजी बंद करायचं, तिच्या कडेच्या घरांपर्यंत आधी फोरजीचं बोलणं दोन्ही दिशांनी मोजा, घराच्या आत मोजा, पावसाळ्यात मोजा, आणि तिथल्या लोकांच्या हातात असेल त्याच किमतीचा फोन घेऊन मोजा. कॅम्प तीनच्या चौकात महागडा हँडसेट धरून काढलेला आलेख त्या पाड्यासाठी चालणार नाही.